वादळाचं विशेषण आणि बंदरावरचा बावटा

२७ ऑक्टोबर २०१९, लक्ष्मीपूजनाचा दिवस. त्या दिवशी अरबी समुद्रातलं 'क्यार' वादळ हवामान खात्याच्या श्रेणीत सगळ्यात वरच्या पायरीवर पोचलं, 'सुपर सायक्लोनिक स्टॉर्म' झालं. २००७ च्या 'गोनू'नंतर अरबी समुद्रात ही पायरी गाठणारं ते पहिलंच. पण तोवर ते आपला किनारा सोडून पश्चिमेला, ओमानच्या अंगाला वळलेलं होतं. कोकणाला त्याचा त्रास झाला तो त्याआधी, ते आपल्या समोरून जात असताना. पाऊस पडला, उधाण आलं, आसऱ्याला आलेल्या बोटींनी देवगड बंदर भरलं, कापणीला आलेलं भात शेतातच आडवं झालं. घरं मात्र बहुतेक शाबूत राहिली.

सात महिन्यांनी, ३ जून २०२० रोजी, 'निसर्ग' आलं. खात्याच्या श्रेणीत ते नुसतं 'सिव्हिअर', म्हणजे तीव्र. 'सुपर'च्या तीन पायऱ्या खाली. ते अलिबागच्या दक्षिणेला भर दुपारी जमिनीवर चढलं आणि मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या पट्ट्यात माड-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांची कौलं-पत्रे गेले, विजेचे खांब मोडले आणि कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीची पिढ्यान्‌पिढ्या राखलेली झाडं एका दुपारीत गेली. नवीन पोफळ लावली तर ती धरायला पाच-सात वर्षं लागतात.

त्याच्याही अकरा वर्षं आधी, ११ नोव्हेंबर २००९ ला 'फयान' आलं होतं. त्याला तर विशेषणच नव्हतं. साधं 'सायक्लोनिक स्टॉर्म', पाच पायऱ्यांमधली सगळ्यात खालची. मासेमारीचा भर होता, बोटी समुद्रात होत्या, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातले कितीतरी खलाशी त्यातून परतले नाहीत.

शब्द जेवढा मोठा तेवढं नुकसान मोठं, असा हिशोब कुणी धरला असेल तर तो या तिन्ही वेळा चुकला. खात्याने यात काही गैर केलेलं नाही. खात्याची विशेषणं वादळाच्या मध्याजवळच्या वाऱ्याचा वेग सांगतात, आणि तेवढंच सांगण्यासाठी ती केलेली आहेत. ते वादळ तुमच्या दारात येणार का, किती वाजता येणार, तेव्हा भरती असेल की ओहोटी, हे त्या शब्दात नसतं. दोष पुढच्या टप्प्यावर आहे. खात्याच्या पत्रकात त्या शब्दाशेजारी वेगाचा आकडा असतो, जागा असते, वेळ असते. ते पत्रक बातमीत, व्हॉट्सअॅपवर, दवंडीच्या रिक्षात पोचेपर्यंत आकडा, जागा आणि वेळ गळून पडतात. विशेषण तेवढं उरतं आणि वाटेत आणखी दोन विशेषणं त्याला चिकटतात. माझं म्हणणं एवढंच आहे की कोकण किनाऱ्यावर कुठल्याही इशाऱ्यातलं विशेषण आकड्याशिवाय, जागेशिवाय आणि वेळेशिवाय लोकांना देणं बंद झालं पाहिजे. हा भाषेच्या शुद्धतेचा हट्ट नाही. माणसं वाचण्याचा प्रश्न आहे.

आधी त्या पायऱ्या नीट पाहू. वाऱ्याचा वेग ताशी ६२ ते ८८ किलोमीटर असेल तर चक्रीवादळ. ८९ ते ११७ असेल तर 'सिव्हिअर'. ११८ ते १६६ 'व्हेरी सिव्हिअर'. १६७ ते २२१ 'एक्स्ट्रीमली सिव्हिअर'. २२२ आणि त्यावर 'सुपर'. यातली चौथी पायरी २०१५ मध्ये घातली गेली, त्याआधी 'व्हेरी'नंतर थेट 'सुपर'च होतं. इंग्रजीतसुद्धा हे शब्द ऐकून कुणाला क्रम कळत नाही. 'व्हेरी' मोठं की 'एक्स्ट्रीमली', हे तक्ता समोर असल्याशिवाय ठरवता येत नाही. आणि वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. साठचा वारा एकशेवीसचा झाला की छपरावरचा दाब चौपट होतो. एकट्या 'सिव्हिअर' या शब्दाच्या पोटातच ८९ चा वारा आणि ११७ चा वारा यांच्या रेट्यात जवळजवळ पावणेदोन पटींचा फरक आहे. एकात माडाची झावळं पडतील, दुसऱ्यात माड पडेल. शब्द तोच.

मराठीत आल्यावर घोटाळा वाढतो. 'सिव्हिअर'चं तीव्र झालं, ते ठीक. 'व्हेरी सिव्हिअर'चं अतितीव्र आणि 'एक्स्ट्रीमली सिव्हिअर'चं अत्यंत तीव्र. आता 'अत्यंत' हा शब्दच मुळी 'अति' आणि 'अंत' मिळून झालेला. रेडिओवर, वाऱ्याच्या आवाजात, बॅटरी संपत आलेल्या मोबाइलवर 'अति' आणि 'अत्यंत' यांतला फरक कोण पकडणार? आणि पकडला तरी त्यातून ताशी पन्नास किलोमीटरचा फरक कुणाच्या ध्यानात येणार? 'सुपर'ला आपण 'महाचक्रीवादळ' म्हणतो. २०१९ मध्ये 'क्यार' अजून समुद्रातच असताना त्याच्या मागोमाग दुसरं वादळ उठलं, आणि त्याचं नाव होतं 'महा'. हे नाव ओमानने दिलेल्या यादीतलं, त्याचा आपल्या 'महा'शी काही संबंध नाही. पण मराठी मथळ्यात 'महा चक्रीवादळ' असं छापलं की वाचणाऱ्याने काय समजायचं? ज्याला 'महाचक्रीवादळ' म्हणायचं ते 'क्यार' दूर चाललं होतं, आणि 'महा' नावाचं वादळ 'सुपर' झालंच नाही, किनाऱ्याला लागेपर्यंत क्षीण झालं. जोडून लिहिलं की एक वादळ, तोडून लिहिलं की दुसरं. कोळीवाड्यात पेपर मोठ्याने वाचून दाखवतात तिथे हा जोड-तोड ऐकूच येत नाही.

'सुपर' या शब्दाचा प्रवास पाहिला तर असं का होतं ते कळतं. लॅटिनमध्ये 'सुपर' म्हणजे वर. ग्रीक 'हायपर', इंग्रजी 'ओव्हर' आणि संस्कृत 'उपरि' ही त्याची भावंडं. आपला रोजचा 'वर' हाही या 'उपरि'चाच. म्हणजे मुळात हा जागा सांगणारा शब्द. इंग्रजीत तो शतकानुशतकं दुसऱ्या शब्दांच्या पुढे लागत आला. एकोणिसाव्या शतकात तिथले व्यापारी 'सुपरफाइन' मालाला आखडून नुसतं 'सुपर' म्हणू लागले. त्या वेळी त्याला पक्का अर्थ होता, एक ठरलेली वरची प्रत. पुढे तो 'उत्तम' या अर्थाचं मोकळं विशेषण झाला, आणि आता तर कशाच्याही आधी लागतो: सुपर सोपं, सुपर थकलो, सुपर आवडलं.

सगळ्या जोर देणाऱ्या शब्दांची गत हीच. 'टेरिफिक' म्हणजे मुळात थरकाप उडवणारं, एकोणिसावं शतक सरता सरता बोलण्यात ते 'फार छान' झालं. 'व्हेरी'चा मूळ अर्थ 'खरा'. जुन्या फ्रेंचमधून आलेलं ते विशेषण होतं, आज ते नुसतं 'फार' उरलं आहे. आपल्याकडे 'भयंकर'चं तेच झालं. भय उत्पन्न करणारं ते भयंकर, आणि आपण सहज म्हणतो, 'आमटी भयंकर आवडली.' मरणाचा उकाडा, प्रचंड गोड, जबरदस्त झोप. घरात, गप्पांत हे चालतं, चालावंच. भाषेत रंग त्यानेच येतो. मालवणी माणसाच्या तोंडचा 'लय' काढून घेतला तर त्याच्या बोलण्यातला अर्धा जीव जाईल. पण जे शब्द रोज खर्च होतात ते संकटाच्या दिवशी पुरत नाहीत. म्हणून रोजच्या बोलण्याची आणि इशाऱ्याची भाषा वेगळी ठेवायला हवी. दोन्हीकडे तेच शब्द वापरले की इशारा गप्पांसारखा ऐकला जातो.

बातम्यांच्या वाहिन्यांनी या बाबतीत कोकणाचं मोठं नुकसान केलं आहे, हे मी जबाबदारीने म्हणतो. जूनच्या पहिल्या सरींपासून तिथे 'हाहाकार' असतो. नदी इशारा पातळीच्या खाली असली तरी तिने 'रौद्ररूप' धारण केलेलं असतं. तासभर जोराचा पाऊस पडला की 'ढगफुटी'. ढगफुटीला हवामानशास्त्रात व्याख्या आहे: लहानशा भागात एका तासात १०० मिलिमीटर किंवा जास्त पाऊस. तेवढा पाऊस तासात मोजला गेल्याशिवाय तो शब्द वापरणं म्हणजे न तपासताच रोगाचं नाव सांगणं. तीच गत 'रेड अलर्ट'ची. हा रंग पुष्कळदा अख्ख्या जिल्ह्याला लागतो. मंडणगडपासून राजापूरपर्यंत पसरलेल्या रत्नागिरी जिल्ह्यात एका टोकाला नद्या भरून वाहतात आणि दुसऱ्या टोकाला ऊन असतं. ज्याच्या अंगणात तिसऱ्यांदा ऊन पडलं तो चौथ्या वेळी लाल रंग मनावर घेत नाही. त्याला बेफिकीर म्हणण्याआधी आपण त्याला काय काय सांगत आलो ते तपासावं.

पावसाच्या शब्दांना तर वरून छतच आहे. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ अतिमुसळधार, आणि त्यापुढचा सगळा पाऊस 'एक्स्ट्रीमली हेवी'. त्याच्यावर शब्द नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ पडला. तिथून निघणारी सावित्री खाली महाडात येते, आणि महाड बुडालं. २०५ लाही तोच शब्द, ५९४ लाही तोच, ९४४ लाही तोच. कोकणात जूनमध्ये २०५ मिलिमीटरचा दिवस अंगवळणी पडलेला असतो. माणूस छत्री घेऊन बाजारात जातो. ५९४ च्या दिवशी त्याने माळ्यावर चढायला हवं. हे दोन दिवस एकाच विशेषणाने सांगायचे, आणि वर लोकांनी इशारा ऐकला नाही म्हणायचं, हे मला न्यायाचं वाटत नाही. २२ जुलै २०२१ च्या पहाटे चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा तिथल्या दुकानदाराला 'अति' की 'अत्यंत' हे कळून काय उपयोग होता? वरच्या अंगाला रात्रीत किती पाऊस झाला, पाणी किती चढणार, खाडीची भरती किती वाजता, हे हवं होतं.

आपल्या किनाऱ्यावर आकड्यांनी बोलायची पद्धत जुनी आहे, आणि ती आपलीच आहे. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला, हे वाक्य कोकणात सगळ्यांनी ऐकलेलं असतं. बावटा म्हणायचं, प्रत्यक्षात दिवसा शंकू आणि दंडगोल टांगतात, रात्री लाल-पांढरे दिवे. कलकत्त्याला १८६४ च्या वादळाने झोडपल्यावर पुढच्याच वर्षी तिथल्या बंदरात इशाऱ्याची व्यवस्था सुरू झाली आणि मग ती देशभरच्या बंदरांत पोचली. एक ते अकरा असे हे नंबर. एक आणि दोन म्हणजे संकट दूर समुद्रात आहे, बंदर सोडणाऱ्याने सांभाळावं. तीन म्हणजे सोसाट्याचा वारा या बंदरालाच गाठू शकतो. चार म्हणजे वादळाचा धोका या बंदराला आहे. पाच ते सात धोका, आठ ते दहा मोठा धोका. यातली खरी हुशारी पाच ते दहामध्ये आहे: वादळ बंदर डावीकडे ठेवून जाणार, उजवीकडे ठेवून जाणार की बंदरावरूनच जाणार, ते नंबरावरून कळतं. वारा कुठून येणार ते तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, त्यावरून ओळखता येतं आणि बोट कुठल्या आडोशाला न्यायची ते ठरवता येतं. अकरा म्हणजे हवामान खात्याशी संपर्कच तुटला आहे. एवढी माहिती कुठल्याही विशेषणात मावणार नाही.

आज रत्नागिरीच्या मिरकरवाड्यासारख्या बंदरांत बोटींवर मोठ्या संख्येने नेपाळी खलाशी आहेत. त्यांना मराठीतलं अतितीव्र आणि महातीव्र काय सांगणार? 'आठ नंबर' मात्र कुठल्याही भाषेतल्या माणसाला पाच मिनिटांत शिकवता येतो.

वाऱ्याच्या मोजणीतही जगाने हेच केलेलं आहे. ब्रिटिश आरमारातल्या फ्रान्सिस ब्यूफोर्टने १८०५ च्या सुमारास शून्य ते बारा अशी वाऱ्याची मोजपट्टी केली, ती जहाजाला किती शिडं लावता येतील त्यावरून. बारा म्हणजे कुठलंही शीड टिकणार नाही असा वारा. पुढे जमिनीसाठी तीच पट्टी झाडांवरून आणि घरांवरून मांडली गेली; नऊ नंबरच्या वाऱ्यात छपराच्या पाट्या उडतात, आपल्या भाषेत कौलं जातात. नंबर आणि त्याच्याबरोबर काय मोडेल ते, दोन्ही एकत्र.

यावर एक आक्षेप हमखास येतो: साध्या माणसाला आकडे कळत नाहीत, त्याला 'भयंकर' म्हटल्याशिवाय तो हलत नाही. हा आक्षेप घेणाऱ्यांनी कोकण पाहिलेलं नाही असं मला वाटतं. इथला अंगठाबहाद्दर म्हातारा तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पुनवेला सव्वाअकरा. हापूसचा बागायतदार फळ मोठं आहे असं सांगत बसत नाही, चार डझनाची पेटी की सहा डझनाची एवढं सांगतो आणि घेणाऱ्याला फळाचा आकार कळतो. पापलेटच्या खरेदीत तर हाच 'सुपर' शब्द आहे, पण तिथे तो वजनावरून ठरलेली वरची प्रत सांगतो. कमी वजनाच्या माशाला कुणी कौतुकाने 'सुपर' म्हटलं तर घेणारा तराजू दाखवतो. पैशाचा व्यवहार असतो तिथे आपण विशेषणाला माप लावल्याशिवाय पुढे जात नाही. जिवाच्या व्यवहारातही तेवढी काटेकोरी मागायला हवी.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. थोडं वाढवून सांगितलेलं बरं, चुकून कमी सांगितलं तर माणसं मरतील, असं जबाबदार अधिकारीसुद्धा म्हणतात. त्यामागची कळकळ मला समजते. पण वाढवून सांगण्याची किंमत समुद्रावर जाणाराच मोजतो. डिझेल भरलेलं असतं, बर्फ घेतलेला असतो, खलाशांचा पगार अंगावर असतो. एक फेरी फुकट गेली की नाखव्याचं, म्हणजे बोटीच्या मालकाचं, कर्ज वाढतं. दोनदा विनाकारण थांबलेला नाखवा तिसऱ्यांदा थांबत नाही, आणि 'फयान' नेमकं तसं तिसऱ्या वेळी येऊ शकतं. खरं तेवढंच सांगितलं की सांगणाऱ्याचा शब्द मानला जातो. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था समुद्राच्या लाटांचा इशारा मीटरमध्ये देते. साडेतीन मीटरची लाट म्हटलं की कुठली होडी आत न्यायची नाही ते मच्छीमार स्वतः ठरवतो. त्याला घाबरवावं लागत नाही.

मग करायचं काय? पाच श्रेणींना मराठीत पाच नंबरच द्यावेत आणि विशेषण हवं तर नंबरानंतर यावं. 'अति' आणि 'अत्यंत' या जोडीतला एक तरी शब्द इशाऱ्यातून कायमचा जावा. वाहिन्यांनी पावसाच्या बातमीत मिलिमीटर आणि गावाचं नाव दिल्याशिवाय कुठलंही विशेषण लावू नये. मराठी संपादकांनी ठरवलं तर याला सरकारी आदेशाची गरज नाही. किनाऱ्यावरच्या प्रत्येक जेटीवर, मच्छीमार सोसायटीत आणि ग्रामपंचायतीत बावट्यांचे अकरा नंबर मराठीत आणि नेपाळीत रंगवलेले असावेत, आणि सातवी-आठवीच्या मुलांना ते पाठ असावेत. जिल्ह्याच्या रंगाऐवजी तालुक्याचा रंग आणि त्याची वेळ सांगितली जावी.

आणि गावात फिरणाऱ्या रिक्षातला मजकूर आधीच लिहून ठेवावा. तो साधारण असा असेल: 'चक्रीवादळ, श्रेणी दोन. वारा ताशी शंभर किलोमीटर. उद्या दुपारी एक ते तीनच्या दरम्यान मुरूड ते श्रीवर्धन या पट्ट्यात. कौलं आणि पत्रे उडतील, माड-पोफळी पडतील. कच्च्या घरातल्यांनी सकाळी दहाच्या आत शाळेत यावं. येताना औषधं, कागदपत्रं आणि बॅटरी घ्यावी.' यात गाळलेल्या जागा फक्त चार-पाच आहेत: श्रेणी, वेग, वेळ, पट्टा, निवारा. तलाठी, ग्रामसेवक, सरपंच आणि सोसायटीचे दोन जाणते तांडेल यांनी एप्रिलमध्ये एका बैठकीत बसून आपापल्या गावासाठी पाचही श्रेणींचे असे पाच मजकूर तयार करावेत. आपल्या गावात किती वेगाला काय पडतं हे 'निसर्ग'नंतर त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.